फीनिक्सचा उन्हाळा आणि ‘आम्हाला सवय आहे’

पळसपान

मे महिना लागला की आमच्या फीनिक्सच्या (ॲरिझोना, अमेरिका) ग्रुपवर दोन प्रश्न हमखास येतात. आईबाबांना जून-जुलैत बोलावू का? मुलगी ऑगस्टमध्ये एएसयूला (ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी) येतेय, सोबत काय काय देऊ? आणि त्याखाली कुणीतरी लिहितंच, "काळजी नको, आम्ही अकोला-चंद्रपूरकडचे, आम्हाला उन्हाची सवय आहे." हा धागा त्या एका वाक्यासाठी काढला आहे.

तिकडचं ऊन मी कमी लेखत नाही, मीही तिकडचीच. पण आपण ज्याला सवय म्हणतो त्यात बरंच काही येतं. दुपारी शुकशुकाट, जाड भिंती, गच्चीवर पाणी मारून झोपणं आणि मृगाकडे लागलेले डोळे. इथे यातलं काहीच नाही. घरं लाकडी सांगाड्याची, कामधंदे दुपारीही चालू, आणि मृग लागतो तेव्हा इथला खरा उन्हाळा सुरू होतो.

२०२३ मध्ये ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस पारा रोज ११० फॅरेनहाइटला (४३ सेल्सिअस) पोचला किंवा त्याच्या वर गेला. त्याआधीचा विक्रम १९७४ चा, १८ दिवसांचा. लोक म्हणाले, असं वर्ष एखादंच येतं. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, २७ मे ते १६ सप्टेंबर असे सलग ११३ दिवस शंभरी ओलांडली गेली, आणि ११० किंवा त्याहून जास्त तापलेले दिवस वर्षभरात ७० भरले. आजवरचं सर्वाधिक तापमान अजूनही २६ जून १९९० चं, १२२ फॅरेनहाइट, म्हणजे ५० सेल्सिअस. त्या दिवशी विमानतळावरची उड्डाणं काही काळ थांबवावी लागली होती, कारण इतक्या तापमानात विमान कसं उडेल हे सांगणारे तक्तेच उपलब्ध नव्हते.

पण मला दुपारच्या आकड्यांपेक्षा रात्रीचे आकडे जास्त घाबरवतात. १९ जुलै २०२३ ला इथलं किमान तापमान ९७ होतं, सेल्सिअसमध्ये ३६. म्हणजे पहाटे, सगळ्यात गार वेळेला, बाहेरची हवा जवळपास आपल्या अंगाइतकी गरम. काँक्रीट, डांबर, घरांच्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते सोडत बसतात. दिवसा तापलेल्या शरीराला रात्री जी उसंत लागते ती मिळत नाही. उन्हाने माणूस एका दुपारीच आडवा होतो असं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, झोप न झालेला, थकलेला, असाही होतो.

मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फीनिक्स आणि आजूबाजूची शहरं मिळून, २०२३ मध्ये उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. २०२४ मध्ये ६०८. यातले खूप जण बेघर होते. पण जे घरात गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात एसी होता. चालू नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: इथे एसी म्हणजे चैन समजू नका. तो ऐन उन्हाळ्यात कधीतरी बंद पडणार हे धरून चाला आणि ते घडेल तेव्हा काय करायचं ते एप्रिलमध्येच ठरवा. तुमचे अनुभव, उपाय, शंका सगळं लिहा.

---

टेंपेकर

धागा वेळेवर आला. एसीबद्दल सविस्तर लिहितो, कारण हा माझा रोजचा विषय आहे.

उन्हाळ्यात एसी बंद पडतो तेव्हा दरवेळी अख्खं यंत्र जळालेलं नसतं. बरेचदा बाहेरच्या युनिटमधला कपॅसिटर गेलेला असतो. लहान डब्याएवढा भाग. चांगला असेल तर त्याचं डोकं सपाट दिसतं, गेलेला असेल तर बऱ्याचदा फुगतो. बाहेरचं युनिट नुसतं घुं घुं करतंय पण पंखा फिरत नाही, असं दिसलं की आधी संशय त्याच्यावर. स्वतः हात घालू नका, वीज बंद केली तरी त्यात भार साठलेला असतो. पण मेकॅनिकला फोनवर एवढं वर्णन सांगितलंत तर तो भाग घेऊनच येतो आणि काम त्याच खेपेत होतं.

दुसरं दुखणं म्हणजे आतल्या युनिटचं पाणी वाहून नेणारी नळी. तिच्यात शेवाळं-गाळ धरला की पाणी ट्रेमध्ये साचतं आणि सुरक्षेचा तरंगता स्विच सगळं बंद करतो. मान्सूनमध्ये हवेत दमटपणा आला की हे जास्त होतं. थर्मोस्टॅट कोरा दिसला की लोक बॅटरी बदलत बसतात, आधी ट्रे बघा.

फिल्टर उन्हाळ्यात दर महिन्याला बघायचाच. धूळ इतकी असते की पांढरा फिल्टर पंधरवड्यात करडा होतो. हवा कोंडली की कॉइलवर बर्फ धरतो आणि बाहेर ११५ असताना आत बर्फामुळे गार हवा येत नाही, असा प्रकार घडतो. तसं झालं तर कूलिंग बंद, नुसता पंखा चालू, बर्फ वितळू द्या, मग पुढचं बघा.

आमचा एसी जुलैत एका शनिवारी संध्याकाळी बसला. ज्या कंपनीकडे घराची वॉरंटी होती तिने पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. घरात तान्हं बाळ आहे सांगूनही उत्तर तेच. तेव्हापासून एक फिरता एसी, खिडकीतून नळी बाहेर काढायचा असतो तो, गॅरेजमध्ये नव्हे, घरातच कपाटात ठेवलेला असतो. एक खोली गार राहिली की सगळ्यांनी तिथे गाद्या टाकून झोपायचं. अख्खं घर वाचवायला जाऊ नका, एक खोली वाचवा.

---

नवखा_२४

मी विद्यार्थी आहे, गेल्या ऑगस्टमध्ये आलो. चौघं मिळून राहतो. एसी चालतो पण दुपारी घरात ८८ च्या खाली येत नाही. इमारतीच्या ऑफिसात सांगितलं तर म्हणतात, "एसी चालू आहे ना? मग झालं." भाडेकरूला काही हक्क असतात का?

---

पळसपान

@नवखा_२४, असतात आणि चांगले असतात. फीनिक्स शहराच्या नियमानुसार भाड्याच्या घरात एसी असेल तर तो घर ८२ फॅरेनहाइटपर्यंत किंवा त्याखाली ठेवू शकला पाहिजे. एसीऐवजी कूलर असेल तर ८६. "चालू आहे" हे उत्तर पुरत नाही, घर गार होतं का हा प्रश्न आहे. तुम्ही फीनिक्स हद्दीत नसाल तर तुमच्या शहराचा नियम बघा, दरेक शहराचा वेगळा असू शकतो.

करायचं काय: पाच-दहा डॉलरचा तापमापी घ्या, खोलीच्या मध्ये, उन्हापासून आणि झोतापासून लांब ठेवा. सकाळ-दुपार-रात्र फोटो काढा, वेळ दिसेल असे. मग लेखी तक्रार द्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. ॲरिझोनाच्या घरमालक-भाडेकरू कायद्यात गारव्याची सोय ही आवश्यक सेवांमध्ये धरली आहे, त्यामुळे मालक लेखी सूचनेनंतरही ढिम्म राहिला तर पुढचे मार्ग खुले होतात. पण सूचना न देता भाडं थांबवू नका, त्यात उलट तुम्हीच अडचणीत याल. विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी कायदेशीर मदत मिळते, तिथे कागद घेऊन जा.

---

डॉ_शर्वरी

मी इथे तातडीच्या विभागात काम करते. आईबाबा येणार असतील तर हे नीट वाचा.

वय झालं की तहान उशिरा लागते. तरुणाला घसा कोरडा पडल्याचं कळतं, पंच्याहत्तरीच्या माणसाला अंगातलं पाणी बरंच कमी होईपर्यंत कळत नाही. इथे भर म्हणजे हवा कोरडी, घाम त्वचेवर दिसायच्या आत उडून जातो. "मला घामच येत नाही इथे" असं आजोबा कौतुकाने सांगतात तेव्हा घाम येतच असतो, फक्त दिसत नाही.

त्यात औषधं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, बीटा ब्लॉकर, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं, ही शरीराची उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी करतात किंवा पाणी कमी करतात. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत. तिकडून निघण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारून यायचं: ४५ सेल्सिअसमध्ये दोन महिने राहणार आहे, डोस तोच ठेवायचा का? इन्सुलिन असेल तर वापरात असलेली बाटली ३० सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायची नाही. टपालपेटीत दुपारभर पडलेलं औषधाचं पार्सल वापरण्याआधी फार्मसीला विचारा.

आता ज्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय ते. अनवाणी पाऊल बाहेर टाकू नका. पेपर उचलायला, कुंडीला पाणी घालायला, कचऱ्याचा डबा आत घ्यायला. दुपारी डांबर ६५-७० सेल्सिअसपर्यंत तापतं, काही सेकंदांत कातडी भाजते. जुना मधुमेह असलेल्यांच्या तळपायाला संवेदना कमी असते. मी असे पाय पाहिले आहेत: टाचेपासून बोटांपर्यंत फोड, काही ठिकाणी कातडी पांढुरकी पडून सुटलेली, आणि ती व्यक्ती शांतपणे सांगतेय की गरम लागलं होतं थोडं. इथल्या जळीत विभागात दर उन्हाळ्यात रस्त्यावर पडलेली, भाजलेली माणसं येतात. चक्कर येऊन पडलेला माणूस दिसला तर आधी त्याला जमिनीवरून हलवा किंवा त्याच्याखाली काहीतरी घाला, मग बाकीचं.

बागेची नळीही तशीच. उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी पहिल्यांदा उकळत्यासारखं येतं. मुलांच्या अंगावर मारण्याआधी ते वाहून जाऊ द्या, हात लावून बघा.

उष्माघात ओळखायचा कसा? चक्कर, मळमळ, पेटके, डोकेदुखी हे आधीचे इशारे. सावलीत, गारव्यात नेलं, पाणी-मीठ दिलं की बहुतेकदा सावरतं. पण माणूस बरळायला लागला, भलतंच बोलू लागला, ओळखेना, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. ९११ (आपत्कालीन मदतीचा नंबर) लावा, आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका, गार करायला लागा. कपडे काढा, गार पाणी ओता, बर्फ मिळेल तितका काखेत, मानेला, जांघेत. अशा वेळी तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसका लागून फुफ्फुसात जातं. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असंही समजू नका, कष्ट करताना झालेल्या उष्माघातात अंग घामेजलेलं असू शकतं. फीनिक्सच्या अग्निशमन दलाने २०२४ पासून रुग्णाला बर्फ-पाण्याने भरलेल्या पिशवीत घालून रुग्णवाहिकेतच गार करायला सुरुवात केली. कारण साधं आहे, अंग किती तापलं याइतकंच किती वेळ तापलेलं राहिलं यावर जीव ठरतो.

नुसतं पाणी पिण्याचाही अतिरेक नको. तासन्‌तास घाम गाळून फक्त पाणीच प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. बाहेर काम करणाऱ्यांनी मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस घ्यावं. हृदयाचे, मूत्रपिंडाचे रुग्ण असतील त्यांनी डॉक्टरांना विचारून.

---

निवडुंग

सगळं खरं आहे, पण एक विनंती. इतकं वाचून कुणी यायचंच रद्द करेल. आम्ही बरीच वर्षं इथे आनंदाने राहतोय. दिवसाचं वेळापत्रक बदललं की निम्मा प्रश्न सुटतो. आमच्याकडे जूनमध्ये पाचच्या सुमारास फिरून येणं, साडेसहापर्यंत बाहेरची कामं, मग पडदे बंद ते सूर्य मावळेपर्यंत. ॲरिझोनात १९६८ पासून उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत (नावाहो नेशन हा मूळ अमेरिकन लोकांचा भाग सोडून), आणि त्यामागे हेच आहे: इथे कुणालाच संध्याकाळचं ऊन आणखी एक तास नको असतं. पहाट लवकर उजाडलेली बरी.

आणि सुट्टीत फ्लॅगस्टाफ आहे. दोन-सव्वादोन तासांत सात हजार फुटांवर जाता, पाइनची झाडं, रात्री शाल लागते. नोव्हेंबर ते मार्च इथलं हवामान तर देशात कुठे मिळणार नाही. उन्हाळा हा त्याचा मोबदला आहे.

---

पळसपान

@निवडुंग, वेळापत्रकाचं शंभर टक्के पटलं आणि हिवाळ्याबद्दल वाद नाही. पण फ्लॅगस्टाफला जाण्याइतकी मोकळीक आणि पाचला फिरून येऊन घरात बसण्याइतकी नोकरी सगळ्यांकडे नसते. आपली मुलं इथे कॅम्पसवर चालत जातात, बसची वाट बघतात, पहिल्या वर्षी गाडीशिवाय राहतात. त्यांच्यासाठी लिहिणं गरजेचं आहे. घाबरवायचं नाही, पण "ड्राय हीट आहे, काही होत नाही" हे वाक्य इथे इतकं सहज बोललं जातं की त्याला उत्तर हवं.

डोंगराचंही सांगते. कॅमलबॅक आणि पिएस्टेवा पीकचे रस्ते अतिउष्णतेचा इशारा असलेल्या दिवशी सकाळपासून संध्याकाळी ५ पर्यंत बंद ठेवतात. बाहेरून आलेले पाहुणे हौसेने चढायला जातात आणि अग्निशमन दलाला त्यांना उचलून आणावं लागतं. सह्याद्री केलेल्यांना हा डोंगर किरकोळ वाटतो. चढ किरकोळच आहे, वरून-खालून तापलेला दगड किरकोळ नाही.

---

वैनगंगा

कूलरबद्दल कुणीच बोललं नाही! आमचं सगळं बालपण वाळ्याच्या ताट्यांसमोर गेलं. इथे कूलर चालत नाही का? वीजबिल तरी वाचेल.

---

टेंपेकर

चालतो, आणि एकेकाळी इथल्या बहुतेक घरांच्या छपरावर तोच होता. एसी येण्याआधी तर लोक झोपण्याच्या ओसरीवर ओल्या चादरी टांगून रात्र काढत. तत्त्व तेच, पाणी उडताना हवेतली उष्णता खेचून घेतं. मे-जूनमध्ये दुपारी आर्द्रता दहा टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा कूलर झकास काम करतो.

गडबड होते मान्सूनमध्ये. हवामान खात्याच्या हिशेबाने इथला मान्सून १५ जून ते ३० सप्टेंबर. प्रत्यक्षात ढग जुलैत येतात. पाऊस पडो न पडो, दमटपणा येतो, पाणी उडेनासं होतं, आणि कूलर घरात फक्त ओली गरम हवा भरतो. नेमकी त्याच दिवसांत रात्र सगळ्यात गरम असते. म्हणून जुन्या घरात दोन्ही असतात. निव्वळ कूलरवर असलेलं घर भाड्याने घेताना जूनमध्ये बघून फसू नका, ऑगस्टचा विचार करा.

बिलाबद्दल: वीज कंपन्यांच्या वेळेनुसार दर असलेल्या योजनांत संध्याकाळचे काही तास महाग असतात, एपीएस या इथल्या वीज कंपनीकडे कामाच्या दिवशी ४ ते ७. आम्ही दुपारी, दर कमी असताना, घर ७४ पर्यंत गार करतो आणि चार वाजता थर्मोस्टॅट ८० वर नेतो. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून जाळीचे पडदे लावले. आतल्या पडद्यापेक्षा बाहेरचा पडदा कितीतरी कामाचा, काचेतून ऊन आत आल्यावर मग अडवून उपयोग नाही. पण म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर ही काटकसर करू नका.

---

कस्तुरी_मृग

गाडीबद्दल थोडक्यात. बॅटरी इथे दोन-तीन वर्षांतच दम तोडते. थंडीत जाते हा समज इथे चालत नाही, इथे उन्हाने जाते. उन्हाळ्याच्या तोंडावर तपासून घ्या. गाडी लावताना दुकानाचं दार किती जवळ आहे ते बघू नका, सावली बघा. डिकीत पाणी कायम असू द्या. बाळाच्या सीटचं धातूचं बक्कल लावण्याआधी हाताने चाचपा. आणि मूल किंवा कुत्रा गाडीत "दोन मिनिटं" ठेवायचं नाही, एसी चालू ठेवूनसुद्धा नाही.

धुळीचं वादळ, ज्याला इथे हबूब म्हणतात, ते मान्सूनमध्ये भिंतीसारखं चालून येतं. ५ जुलै २०११ चं तर जगभर दाखवलं होतं. हायवेवर सापडलात तर रस्ता पूर्ण सोडून जितकं बाजूला जाता येईल तितकं जा, सगळे दिवे बंद करा, इशाऱ्याचे लुकलुकणारे दिवेसुद्धा, आणि ब्रेकवरचा पाय काढा. मागून येणारा आंधळेपणाने तुमच्या लाल दिव्यामागे येतो आणि आदळतो. हे उलटं वाटतं म्हणूनच आधी डोक्यात पक्कं करून ठेवा.

---

रानवारा

मी इथे शहर नियोजनाच्या क्षेत्रात आहे. चर्चेत एक बाजू राहून जातेय म्हणून लिहिते.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये सन सिटी वेस्टमधल्या ७२ वर्षांच्या एका बाईंची वीज ५१ डॉलरच्या थकबाकीसाठी तोडली गेली. त्या दिवशी तापमान १०७ होतं. त्या घरातच गेल्या. ही बातमी पुढच्या वर्षी बाहेर आली, लोक खवळले, आणि २०१९ मध्ये राज्याच्या आयोगाने आपल्या अखत्यारीतल्या वीज कंपन्यांना १ जून ते १५ ऑक्टोबर वीज तोडायला मनाई केली. पुढे त्याचे कायमचे नियम झाले. ५१ डॉलर. मी हा आकडा विसरू शकत नाही.

२०२४ मध्ये आणखी दोन गोष्टी झाल्या. फिरत्या घरांच्या (मोबाइल होम) वस्त्यांत मालक भाडेकरूंना खिडकीचा एसी लावायला मनाई करत, दिसायला वाईट दिसतो म्हणून. राज्याच्या कायद्याने ती मनाई बेकायदा ठरवली. ती पत्र्याची घरं तापतात किती, ते आत उभं राहिल्याशिवाय कळत नाही, घरात दगावलेल्यांमध्ये तिथले रहिवासी त्यांच्या संख्येच्या मानाने फार जास्त असतात. दुसरं, फीनिक्स शहराने आपल्या कंत्राटदारांना बाहेर काम करणाऱ्या मजुरांसाठी पाणी, सावली, विश्रांती आणि प्रशिक्षण देणं बंधनकारक केलं. घरांची छपरं घालणारे, डांबर टाकणारे, विमानतळाच्या धावपट्टीवर काम करणारे, यांच्यासाठी हे फार उशिरा आलं, आणि तेही शहराच्याच कंत्राटांपुरतं.

शहराने २०२१ मध्ये उष्णतेसाठी स्वतंत्र कार्यालय काढलं. रस्ते थंड करण्याचा प्रयोग २०२० पासून चालू आहे, डांबरावर फिकट लेप देतात. एएसयूच्या लोकांनी मोजलं तर दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग १० ते १२ फॅरेनहाइटने कमी तापला. पण त्याच रस्त्यावर भर दुपारी उभ्या असलेल्या माणसावर परावर्तित ऊन जास्त पडतं, त्याला उलट जास्त गरम लागतं. माझ्या मते लेपाचा पैसा आधी सावलीत घालायला हवा. माणसाला जाणवणारी उष्णता हवेच्या तापमानाइतकीच, कधी त्याहून जास्त, थेट अंगावर पडणाऱ्या किरणांवर ठरते. मेस्किट, पालो व्हर्दे, आयर्नवुड ही इथली झाडं थोड्या पाण्यावर तगतात. श्रीमंत वस्त्यांत सावली दाट आहे, दक्षिण फीनिक्समध्ये बसथांब्यांवर खांबाच्या सावलीत लोक एका रेषेत उभे असतात. सकाळी कामावर जाताना मी हे रोज बघते. खांब जेवढा रुंद तेवढीच सावली, आणि सूर्य सरकेल तशी रांगही सरकते.

आणि ज्याचा विचार कुणाला नकोसा वाटतो ते: उष्णतेची लाट असताना अख्ख्या शहराची वीज गेली तर? २०२३ मध्ये जॉर्जिया टेकच्या ब्रायन स्टोन यांच्या चमूने गणित मांडलं होतं. अनेक दिवसांची लाट आणि सोबत शहरभर वीज खंडित, अशा स्थितीत फीनिक्सच्या जवळपास निम्म्या लोकांना तातडीच्या उपचारांची गरज पडेल आणि सुमारे १३ हजार जीव जातील, असा अंदाज निघाला. गणितातली स्थिती आहे, घडलेली घटना नाही. पण घरात पाणी, बॅटरीचा दिवा, चार्ज केलेला पॉवर बँक आणि गाडीत पेट्रोल कायम असू द्या.

---

नवखा_२४

@पळसपान ताई, फोटो काढून ईमेल केला, त्यात ८२ चा नियम लिहिला. दुसऱ्या दिवशी माणूस आला. कॉइल साफ केली, गॅस भरला, आता दुपारी ७९ दिसतंय. मनापासून आभार. शेजारच्या खोल्यांतल्या मुलांनाही हेच पत्र दिलंय.

अजून एक प्रश्न. एसी पुन्हा रात्री बंद पडला आणि कुणाकडे जायची सोय नसेल तर?

---

डॉ_शर्वरी

२११ ला फोन करा. गारव्याची केंद्रं कुठे आहेत, कोणतं रात्री उघडं आहे, जाण्यासाठी वाहनाची सोय होते का, हे ते सांगतात. दिवसा ग्रंथालयं सर्वांत सोपी, कुणी काही विचारत नाही. लाज वाटून घरात थांबू नका. कोरड्या हवेत ओला सुती कपडा अंगावर घेऊन पंख्याखाली बसल्याने काही तास निभावतं, पण कोरड्या अंगावर ४० सेल्सिअसच्या हवेचा पंखा मारणं म्हणजे अंग आणखी तापवणं. घरात एकटे असाल तर दर तासाला कुणाला तरी मेसेज करायचा असं ठरवा. उष्माघातात पहिली गोष्ट जाते ती विचारशक्ती, आपल्याला काही होतंय हे आपल्यालाच कळत नाही.

---

वैनगंगा

आईबाबांची तिकिटं अजून काढलेली नाहीत. बाबांना मधुमेह आहे, आईला चालल्याशिवाय करमत नाही. हे सगळं वाचून विचारते, कधी आणू?

---

पळसपान

ऑक्टोबरच्या शेवटी आणा, मार्चपर्यंत ठेवा. दिवाळी इथे होईल, आई हवं तेवढं चालतील आणि बाबांच्या पायांची काळजी निम्मी होईल. शाळेच्या सुट्टीमुळे जून-जुलैच हवा असेल तर पहाटे पाच ते सहा एवढंच बाहेर, बूट-मोजे घालून, पाण्याची बाटली हातात. रात्री जेवणानंतरची शतपावली मॉलमध्ये किंवा घरातच, कारण नऊ वाजता बाहेर हवा १०५ आणि रस्ता अजून तापलेला असतो. बाबांचे तळपाय रोज रात्री तुम्ही स्वतः बघा. आणि तिकिटं काढायच्या आधी टेंपेकरांनी लिहिलेल्या गोष्टी तपासून एसीची सर्व्हिस करून घ्या, मे लागला की मेकॅनिकची वेळ मिळत नाही.